होडीवाल्यांचा पेंटर

आमच्या घरात अक्षराची वाटणी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात झाली. कड ह्यांची, पोट माझं. म्हणजे भिंतीवर अक्षराची बाहेरची रेघ आमचे हे मारणार आणि आतला रंग मी भरणार. हे शिडीवर, मी शिडीखाली. हे पुढच्या अक्षराला गेले की मी मागच्याला भिडायचं. बावीस वर्षांत मी इतक्या अक्षरांची पोटं भरली की तेवढ्यात एखादं लष्कर जेवून उठलं असतं. पण एका अक्षराची कड म्हणून कधी माझ्या हातून निघाली नव्हती.

मागायची सोय नव्हती. फार पूर्वी एकदा मी म्हटलं होतं, "अहो, हा शेवटचा काना मी मारू का?" तर हे शिडीवरून असे खाली बघायला लागले, जसा काही मी त्यांचा दात घासायचा ब्रश मागितला.

"काना म्हणजे काय नुसती उभी रेघ वाटली तुला?"

मला नुसती उभी रेघच वाटत होती. पण म्हटलं जाऊ दे, आणि भरायला लागले.

ह्यांना सगळं गाव पेंटरच म्हणतं. दुकानांच्या पाट्या, शाळेचे फलक, 'येथे गाडी उभी करू नये', सगळं ह्यांचंच. पण ह्यांचं खरं नाव झालं ते शिडीवाल्यांमुळे. आमच्याकडे दोन पक्ष. एकाची निशाणी शिडी, दुसऱ्याची होडी. शिडीवाल्यांचं अक्षर ह्यांनी विशीत असताना बसवलं. निळं, जाड, ताठ, आणि शिरोरेषा अशी की वर भरलेला पेला ठेवावा. त्या अक्षरात 'मुतारी' लिहिलं असतं तरी वाचणाऱ्याने आधी सदऱ्याची बटणं लावली असती. पुढे पक्षाच्या पावतीपासून व्यासपीठापर्यंत सगळीकडे तेच अक्षर गेलं. लोक लांबून शब्द न वाचताच म्हणायचे, शिडीवाले आले वाटतं.

राजकारणाशी ह्यांचं देणंघेणं शून्य. सभेला गेले तरी भाषणाकडे कान नसायचा, मागच्या फलकावर कुणी ऱ्हस्व वेलांटी आखूड ठेवलीय का ते बघत बसायचे. पण अक्षर त्यांचं होतं, आणि त्या अक्षरापुढे त्यांची मान नेहमी थोडी वर असायची.

यंदा निवडणूक लागली आणि होडीवाल्यांकडून बालवाडीच्या बाई उभ्या राहिल्या. एक दिवस त्या आमच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी कागदाची बाहुली.

"पेंटर, तीन भिंती रंगवायच्या आहेत. पण मला ओरडणारं अक्षर नको. मुलांना हाक मारतो ना आपण, तसं हवं."

"माझं अक्षर ओरडत नाही, बाई. स्पष्ट बोलतं."

"मग जरा हळू स्पष्ट बोलेल का?"

ह्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. म्हणाले, "मी शिडीचं अक्षर काढतो. तेच हवं असेल तर तिकडून उभ्या राहा."

बाई हसल्या, बाहुली पिशवीत नीट आत सारली आणि निघाल्या. मी आतल्या दारापाशी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. हात तसेच ओले घेऊन मी मागच्या दाराने वळसा घातला आणि त्यांना फाटकाबाहेर गाठलं. का गाठलं ते आजही नीट सांगता यायचं नाही. पाय आधी गेले, मी मागून गेले.

"बाई, मी काढून देऊ?"

"तुम्हाला येतं?"

"आतून येतं," मी म्हणाले.

ते खरं होतं. प्रत्येक अक्षर आतून कुठे अरुंद होतं, कुठे ब्रश अडतो, कुठे मोकळं फिरायला मिळतं, ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाहेरून तेवढं बघायचं राहिलं होतं.

हे दुपारी दोन ते पाच झोपतात. उन्हात रंग ब्रशवरच आळतो म्हणून पेंटर लोक दुपारी काम करत नाहीत, हा धंद्याचा नियम. तेव्हा मी करायचं ठरवलं. ह्यांना सांगितलं, शिवणक्लास लावलाय. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता "बरं" म्हटलं, आणि माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

पहिली भिंत बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. चांगली लांब, आधीच चुना मारून पांढरी केलेली. घोषणा बाईंनीच दिली होती, 'चला, सगळे मिळून जाऊ'. 'च'ची कड मारताना मी तीनदा ब्रश उचलला, तीनदा टेकवला. 'ला'ला एकदाच. 'सगळे'पर्यंत मी गुणगुणायला लागले. होडीवाल्यांचा रंग जांभळा, आणि अक्षरं अशी गोल, गुबगुबीत येत होती की मलाच कौतुक वाटत होतं. प्रत्येक अक्षर मागच्यापेक्षा थोडं मोठं. हात फुलत गेला म्हणा ना. 'मिळून' झालं, 'जा' झाला, आणि मी पुढचं अक्षर काढायला ब्रश उचलला तर पुढे भिंतच नव्हती.

आता कुठलाही पेंटर सांगेल, आधी भिंत मोजायची असते. हे निळीत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारतात, रेषा उमटते, मग अक्षरं मोजतात, मधोमध बसवतात, आणि त्यानंतर रंगाचा डबा उघडतात. मी हे बावीस वर्षं बघत होते. पण भरणाऱ्या बाईला मोजावं कधी लागतं? तिच्यापुढे कड तयारच असते. तिला वाटतं, भिंती अशाच मिळतात, अगदी मापाच्या.

मी खाली उतरून लांब जाऊन वाचलं. 'चला, सगळे मिळून जा.' बालवाडीच्या बाई मतदारांना हाकलतायत.

शेवटी काय करणार, कोपऱ्यावरून वळले आणि पलीकडच्या आडव्या भिंतीवर उरलेला 'ऊ' काढला. एकटाच, चांगला माणसाएवढा, शेपूट झोकात वळवलेली. उन्हामुळे रंग पातळ केला होता, त्याचे ओघळ आले. ते सवयीप्रमाणे डाव्या अंगठ्याने खालून वर पुसले आणि चोरासारखी घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी तोंड कसं दाखवू म्हणून मी बाईंकडे गेले, तर त्या पायरीवर बसून हसत होत्या.

"अहो, काय डोकं चालवलंत! लोक 'जा' वाचून थबकतात, म्हणतात, काय उद्धट बाई आहे. मग वळून बघतात तर 'ऊ'. सकाळपासून लोक कोपऱ्याकोपऱ्यावर हसतायत. आता तिन्ही भिंतींवर असंच करा!"

मी नम्रपणे मान खाली घातली. एवढी मोठी चूक आयुष्यात पहिल्यांदाच केली होती आणि तिचंही नाव झालं.

आठवड्याभरात दुसरी भिंतही झाली आणि 'कोपऱ्यावरचं अक्षर' सगळ्यांच्या तोंडी झालं. सायंदैनिकात कुणी एका विद्वानाने लिहिलं की या गोल खांद्यांच्या अक्षरांतून सत्तेच्या ताठरपणाला दिलेलं मृदू उत्तर दिसतं, आणि कोपरा ओलांडणारा स्वर चौकट नाकारतो. हे चहा पिताना मला मोठ्याने वाचून दाखवत होते.

"चौकट नाकारतो म्हणे! त्या गाढवाला भिंत मोजता येत नाही, एवढंच आहे ते."

मी बशीत बघत राहिले. बावीस वर्षांत ह्यांचं माझ्या कामाबद्दलचं इतकं अचूक मत मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोण आहे पण हा होडीवाल्यांचा पेंटर?" हे म्हणाले. "इथला नाही. इथल्या सगळ्यांचे हात मला माहीत आहेत. बाहेरून आणलाय. तरुण असणार, हात उतावळा आहे."

तरुण म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं.

त्यानंतर ह्यांना त्या पेंटरचं वेडच लागलं. पानवाल्याला विचार, चुना मारणाऱ्याला विचार. घरी येऊन मला अहवाल. "म्हणे उंच आहे. म्हणे दाढी आहे." माझ्या हनुवटीवर नकळत हात गेला. एकदा माझ्या कानामागचा जांभळा ठिपका बघून म्हणाले, "हे काय?" म्हटलं, "क्लासमधला खडू." "जांभळा?" "गडद कापडावर पांढरा चालतो, फिकटावर जांभळा." शिवणातलं मला एवढंच येत होतं, आणि तेही मीच बनवलेलं.

"चार आठवडे झाले," हे म्हणाले, "उशीचा एक अभ्रा नाही आला घरात."

मी दुसऱ्या दिवशी बाजारातून अभ्रा आणला, मागची चिठ्ठी कापली आणि ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी शिवण उलटसुलट करून बघितली. "बरीच सरळ आहे," म्हणाले. "त्या होडीवाल्यापेक्षा तुझा हात बरा."

हसावं की रडावं कळेना. कारण एक गोष्ट मला आता पक्की माहीत होती. माझं गुपित ह्यांना कळलं तर दोन गोष्टी जाणार. ह्यांची मान आणि माझी कड. आणि दोन्हींतली एकही मला घालवायची नव्हती. लोभीपणा म्हणा हवं तर.

मग एक दिवस शिडीवाल्यांचे चिटणीस आले. जाडजूड गृहस्थ. खुर्चीवर बसले की खुर्चीच त्यांच्यावर बसल्यासारखी दिसते.

"वहिनी, पाणी द्या. पेंटर, बैठक झाली. दीड तास नुसत्या अक्षरावर झाली. होडीवाल्यांनी कोपरे काबीज केलेत. आपलं अक्षर लोकांना आता... कसं सांगू..."

"सांगा की."

"मुख्याध्यापकांसारखं वाटतं म्हणतात. तेव्हा आपल्यालाही गोल हवंय. आणि कोपऱ्यावरून वळणारं."

ह्यांचा चेहरा असा झाला, की मी पाण्याचा पेला चिटणिसांच्या ऐवजी ह्यांनाच दिला.

"माझी घोषणा भिंतीत मावते, चिटणीस."

"तेच तर ना! मावू देऊ नका."

ह्यांनी प्रयत्न केला. मी शपथेवर सांगते, मनापासून केला. शाळेमागच्या भिंतीवर 'एक एक पायरी वर' लिहायला घेतलं. अक्षर फुगवलं, अंतर वाढवलं, एकदा तर डोळे मिटून सुरुवात केली. आणि प्रत्येक वेळी 'वर'चा 'र' कोपऱ्याच्या बरोबर चार बोटं अलीकडे येऊन उभा राहिला. ताठ. शिरोरेषेवर पेला ठेवावा असा.

"मावतंय गं," हे शिडीवरून रडवेल्या आवाजात म्हणाले. "काही केलं तरी मावतंच!"

खाली मी निळा रंग भरत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला ह्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण मध्ये शिडी होती.

"गोल करताना मनगट सोडा," माझ्या तोंडून गेलं.

"काय?"

"शिवणात सांगतात तसं. मनगट सैल."

हे वरून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चल. त्या माणसाची भिंत जवळून बघू. काय करतो ते कळल्याशिवाय जमायचं नाही मला."

"मी कशाला? माझा क्लास..."

"बुडव एक दिवस."

बर्फाच्या कारखान्यापर्यंतची ती पंधरा मिनिटं मला पंधरा कोस वाटली. हे पुढे, मी मागे. भिंतीपाशी पोचल्यावर ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ रंगाला लावलं.

"कड नवशिक्याची आहे," हे म्हणाले. "बघ, 'च'मध्ये घाबरलाय. 'स'मध्ये धीर आलाय. 'ळ'मध्ये तर चढलीच आहे त्याला." मग पुढे सरकले, कोपऱ्यावरून वळले, 'ऊ'पाशी थांबले.

मी दोन पावलं मागे उभी. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"पण भरण," हे हळू म्हणाले, "भरण मात्र... दोन हात दिलेत. पहिला आडवा, दुसरा उभा. कुठे ब्रशाचा केस नाही, कुठे पोकळी नाही. कड असली काढणाऱ्याला भरण इतकं चांगलं कुठून आलं?"

ते खाली वाकले. 'ऊ'च्या तळाशी, ओघळ पुसलेल्या जागी, अंगठ्याचा ठसा होता. छोटासा, आणि त्याच्या मधून तिरपी रेघ. लहानपणी सुरीने कापलेल्या माझ्या डाव्या अंगठ्याची. ह्यांनी आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. त्यांचा बराच मोठा पडला. मग ते सरळ झाले, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतला. तो घ्यायला नको होता.

मग हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शिवणक्लास कसा चाललाय?"

"बरा चाललाय," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत आम्ही एवढंच बोललो.

भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण मला हाताळता येतं. पण हे सभ्य झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी खांद्यावर घेऊन एकटेच निघाले. मी डबे उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तुझा क्लास बुडायला नको." त्यानंतर पाच दिवस ह्यांनी स्वतःच कड मारली आणि स्वतःच भरली. मी जाऊन बघून आले चोरून. भरण बघवत नव्हतं. अक्षराच्या पोटात पांढरे डाग, कडेबाहेर गेलेला रंग, जसं काही कुणी घाईघाईत उभ्याउभ्या जेवून उठलंय. लोक म्हणायला लागले, पेंटरचा हात गेला.

मी बाईंना सांगितलं, उरलेली भिंत दुसऱ्या कुणाकडून घ्या. बाईंनी मला बसवलं, ऐकून घेतलं, आणि विचारलं, "ते म्हणाले का, तुम्ही चुकीचं काढता म्हणून?"

"नाही. घाबरलेलं म्हणाले. मग धीर आलेलं म्हणाले."

"मग शेवटच्या भिंतीवर धीर आलेल्यापासून सुरू करा," बाई म्हणाल्या. बालवाडीत रडणाऱ्या मुलांशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय की नाही म्हणता येत नाही.

शेवटची भिंत म्हणजे पाण्याच्या टाकीची. अख्ख्या गावातली सगळ्यांत लांब. तिच्यासाठी दरवेळी दोन्ही पक्ष भांडत, म्हणून यंदा निवडणूक कचेरीने तोडगा काढला होता. डावी अर्धी होडीला, उजवी अर्धी शिडीला, रंगवायचं एकाच दिवशी, कचेरीच्या माणसासमोर. तो माणूस सकाळीच टेप घेऊन आला, मधोमध खडूची उभी रेघ मारली आणि तिच्याखाली स्टूल टाकून बसला, जसा काही दोन देशांच्या मध्ये बसलाय.

मी बालवाडीची शिडी घेऊन पोचले तेव्हा दोन्हीकडचे कार्यकर्ते जमले होते. चिटणिसांनी मला बघितलं. "वहिनी, तुमची बाजू ती. पेंटर तिकडे आहेत."

"माझी बाजू हीच आहे," म्हणून मी जांभळा डबा डावीकडे ठेवला.

चिटणिसांचं तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही. कुणीतरी म्हणालं, "दाढीवाला पेंटर तो हाच का?" हशा पिकला. माझे कान तापले. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. हे आधीच आले होते, दोरी ताणून, टिचकी मारून, खडूने आखून मोकळे झाले होते. उजवीकडून ब्रशाची सरसर ऐकू येत होती, एवढंच.

यावेळी मी मोजलं होतं. आदल्या दिवशी येऊन, दोरीने, दोनदा. अक्षरं मोजली, जागा वाटल्या, सगळं मावत होतं. पण दोरी भिंतीला मोजते, हाताला नाही. 'चला' धीर आलेलं निघालं. 'सगळे' त्याहून. 'मिळून'ला मला मागचे लोकही ऐकू येईनात. 'जा'चा काना मी वरून खाली एका श्वासात ओढला, नुसती उभी रेघ नव्हती ती, आणि भानावर आले तर समोर खडूची रेघ. त्या रेघेपाशी माझी हद्द संपली होती आणि माझ्याकडे एक अख्खा 'ऊ' शिल्लक होता.

पलीकडे कोपरा नव्हता. पलीकडे शिडी होती.

"झालं!" शिडीवाल्यांतलं कुणीतरी ओरडलं. "आता पुन्हा 'जा' म्हणतायत!" होडीवाले पुढे सरसावले. शिडीवाले पुढे सरसावले. कचेरीचा माणूस स्टुलावर उभा राहिला. "रेघेच्या पलीकडे एक थेंब गेला तर भिंत रद्द!"

मी हळूच उजवीकडे बघितलं. आणि मला काही कळेना.

ह्यांची घोषणा मधोमध नव्हती. आयुष्यभर मधोमध बसवणाऱ्या माणसाने सगळी घोषणा उजवीकडे रेटली होती. 'र' तर भिंतीच्या टोकाला इतका चिकटला होता, की आणखी बोटभर सरकता तर हवेत गेला असता. आणि डावीकडे, खडूच्या रेघेपासून पहिल्या 'ए'पर्यंत, कोरी पांढरी जागा. एका अक्षराची. शेपटीसकट.

चिटणिसांनाही तेव्हाच दिसलं. "पेंटर, हे काय? तुमचं मध्यात नाही यंदा. ही जागा कशाला सोडली?"

हे शिडीवरून उतरले. ब्रश फडक्याला पुसला. "पाहुणा यायचा आहे," म्हणाले.

"कोण पाहुणा?"

"आत्ता येईल. हाताला आवर नाही त्याच्या, मला माहीत होतं." मग कचेरीच्या माणसाकडे वळून म्हणाले, "साहेब, उजवी बाजू शिडीची. शिडीचा पेंटर मी. माझ्या बाजूला कुणाला बसवायचं ते मी ठरवीन की नाही?"

साहेबांनी खिशातून नियमांचा कागद काढला, वाचला, उलटा करून वाचला. त्यात पाहुण्याबद्दल काही नव्हतं. "लेखी लागेल," ते म्हणाले. ह्यांनी कागद घेऊन मागच्या बाजूला ब्रशानेच लिहून दिलं, 'हरकत नाही', शिडीच्या अक्षरात. ते बघून साहेब सावधानच्या पवित्र्यात उभे राहिले.

मी 'ऊ'ची कड मारली. रेघेवरून, पलीकडे, ह्यांच्या भिंतीत. शेपूट वळवून ब्रश उचलला तर हे शेजारी उभे. माझ्या जांभळ्या डब्यात आपला ब्रश बुडवत होते.

"तू कड बघ," हे म्हणाले. "पोट मी भरतो."

आणि भरायला लागले. कसे भरत होते म्हणून सांगू! आधी मधलंच भरलं, मग कडेला डाग राहिले, ते बुजवायला गेले तर बाहेर.

"अहो, आत राहा."

"आतच आहे."

"हे आत आहे? पहिला हात आडवा. आडवा! मनगट सोडा."

"एवढं ओरडू नकोस. बाईंना ओरडणारं अक्षर नकोय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. तळाशी ओघळ आला. मी सवयीने अंगठा पुढे केला, पण ह्यांचा आधी पोचला. खालून वर. मोठा ठसा उमटला. तो अजून आहे तिथे, टाकीच्या भिंतीवर, रेघेच्या बोटभर पलीकडे.

सायंदैनिकात दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर आलं, 'शिडी-होडी छुपी युती?' विद्वानांनी लिहिलं की जांभळ्या स्वराला निळ्या भूमीत दिलेली जागा हा येत्या काळाचा संकेत आहे. दोन्ही पक्षांनी युतीचा इन्कार केला, त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. बाई निवडून आल्या. अक्षरामुळे नाही. आमच्या गावातली अर्धी मतदार मंडळी कधीतरी त्यांच्या हाताने नाक पुसून घेतलेली आहेत, म्हणून.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. घरी परतताना ह्यांची शिडी आम्ही दोघांनी मिळून उचलली होती, हे पुढच्या टोकाला, मी मागच्या. वळणावर शिडी अडकली, तेव्हा हे थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "तो 'ऊ'. त्याची शेपूट तू कशी वळवतेस?"

"का?"

"माझी ताठ येते."

"हात धरून दाखवावं लागेल," मी म्हणाले. "असं चालता चालता नाही जमायचं."

"मग कधी?"

"दुपारी. दोन ते पाच."

हे जरा विचारात पडले. ती त्यांची झोपेची वेळ.

"आणि येताना अभ्रा घेऊन या," मी म्हणाले. "शिवण उसवली आहे त्याची. क्लासला काहीतरी काम नको का?"